मधली पेटी

आवाज पोचवणं हा आमच्या घरचा धंदा. अब्बांचं दुकान चंद्रपुरात, परकोटाला लागून. पाटीवर नुसतं 'साउंड सर्व्हिस' लिहिलेलं, पण लोकांच्या तोंडी आम्ही 'माइकवाले'. लग्न, उरूस, भीमजयंती, पुढाऱ्यांच्या सभा, शाळेचं गॅदरिंग, अब्बांचे भोंगे सगळीकडे लटकलेले असायचे. मी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडले आणि नोकरीबिकरी न शोधता दुकानातच ठाण मांडलं. जवान पोरगी टेम्पोत पुढे बसून गावोगाव फिरते म्हणून नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली. अब्बा त्यांना एकच उत्तर द्यायचे: माझ्या पोरीला वायर कळते, तुमच्या पोरांना नुसती वायफळ बडबड.

मी होतेही तशी. तोंडाळ. कुणी माझ्या वायरवर पाय दिला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला मागेपुढे पाहत नसे. मंडपवाले मला भीत, ढोलवाले मला भीत, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं. ज्या एका सकाळी माझ्या तोंडातून शब्द फुटायला हवा होता त्या सकाळी तो फुटला नाही, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

मोबाइल आले होते, पण गडचिरोली सोडून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की रेंज जायची, तेव्हाची ही गोष्ट. नागपुरात एका मोठ्या सभागृहाचं सामान बदललं आणि त्यांच्या जुन्या डिजिटल पेट्या मी उचलून आणल्या. जेवणाच्या डब्यापेक्षा थोड्या मोठ्या, चपट्या, समोर हिरवे दिवे. माइकचा आवाज त्यात आकड्यांच्या रूपात शिरायचा, कॉम्प्युटरच्या वायरने पुढच्या पेटीत जायचा, तिथून ॲम्प्लिफायरला आणि मग स्पीकरला. अब्बांच्या भोंग्यांसारखी घरघर नाही, शिटी नाही, लांब गेल्यावर आवाज पातळ होणं नाही. पहिल्यांदा लावून पाहिलं तेव्हा अब्बा स्वतःच माइकमध्ये खोकले आणि आपलाच खोकला इतका स्वच्छ ऐकून खूश झाले. मग शेजारच्या सायकलवाल्याला बोलावून त्यालाही खोकायला लावलं.

अशा पेट्या एकमेकींना जोडायच्या तीन तऱ्हा असतात. एक, मधोमध ठाण मांडायचं आणि प्रत्येक पेटीला स्वतंत्र वायर द्यायची. कागदावर काढलं तर चांदणीसारखं दिसतं. त्यात कुठलीही पेटी बंद पडली तरी बाकीच्यांना काही होत नाही. दुसरी तऱ्हा साखळीची: पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं शेवटपर्यंत. वायर कमी लागते, काम झटपट होतं, पण मधली एक गेली की तिच्या पुढच्या सगळ्या मुक्या. तिसरीत त्याच साखळीचं शेवटचं टोक दुसऱ्या वाटेने फिरवून परत सुरुवातीला आणून जोडायचं. म्हणजे गोल. मधली एक गेली तर आवाज उलट्या बाजूने फिरून येतो. हे सगळं मला पाठ होतं. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

त्याच रस्त्यावरच्या एका गावचे चार जण दुकानात आले तेव्हा मी या पेट्यांवरच फडकं मारत बसले होते. गावात बुद्धविहार बांधून झाला होता. आश्विन पौर्णिमेला भन्ते येणार, मूर्ती बसणार आणि विहारातली पहिली वंदना होणार. गाव म्हणजे एक लांबलचक गल्ली. एका टोकाला विहार, दुसऱ्या टोकाला शेवटचं घर. त्यांना आवाज गल्लीभर पाहिजे होता, आणि शेवटच्या घरात तर पाहिजेच होता. विहाराची जागा त्या घरच्या म्हाताऱ्या बाबांनी दिलेली. नुसती देऊन ते मोकळे झाले नाहीत. विटांसाठी, रेतीसाठी, परवानगीसाठी वर्षानुवर्षं पायपीट करत राहिले. छत पूर्ण झालं आणि बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. खाटेवर घालून विहारात नेऊ म्हटलं तर ते ऐकायला तयार नव्हते. ज्या गावासमोर आयुष्यभर ताठ उभे राहिले, त्या गावासमोर लाळ गळत जायची त्यांना लाज वाटत होती. त्यांनी एवढंच मागितलं होतं की पहिली वंदना घरात ऐकू यावी.

जागा बघायला गेले तेव्हा मी बाबांना भेटले. खिडकीला लागून त्यांची खाट होती. मी खाटेजवळ उकिडवी बसले आणि म्हटलं, बाबा, काळजी करू नका, भन्ते तुमच्या उशाशी बसून बोलतात असं वाटेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार बरं वाटलं, आपण कुणीतरी मोठे झाल्यासारखं वाटलं. त्यांच्या सुनेने काळा चहा दिला, तो पिऊन मी गल्ली मोजायला निघाले.

गल्लीच्या मध्यावर एक घर होतं. भिंती कुडाच्या, पण बाहेरचा ओटा चांगला रुंद, शेणाने सारवलेला. त्यावर एक म्हातारी बसली होती. पेटी ठेवायला जागा हवी म्हणून तिला विचारलं, तर तिने हातानेच ओटा झाडून दिला आणि विचारलं, मले पण ऐकू येईल का. तिचे गुडघे धरले होते, विहारापर्यंत चालवत नव्हतं. मी म्हटलं, आजी, तुमच्याच ओट्यावरून पुढे सगळ्यांना जाणार. ती हसली आणि मला जवळ बसवून घेतलं. सोबतचे गाववाले सांगत होते की विहाराच्या पायाची पहिली माती तिने आणि शेवटच्या घरच्या बाबांनी मिळून उचलली होती, आणि काम करताना ते दोघं जेवढे भांडत तेवढं गावात कुणीच भांडत नसे. म्हातारी म्हणाली की भांडण तर अजून बाकी आहे, त्याला बरा होऊ दे.

घरी येऊन दुकानाच्या फरशीवर खडूने मी ती गल्ली काढली. चांदणीची तऱ्हा लगेच बाद झाली. या वायरीला शंभर मीटरची मर्यादा असते, त्यापुढे आकडे विस्कटतात, आणि शेवटचं घर त्याच्या कितीतरी पलीकडे. राहिली साखळी आणि राहिला गोल. गोलासाठी परतीची वायर घरांच्या मागून, बांध्यांच्या कडेने, म्हणजे उभ्या धानाच्या चिखलातून आणायला हवी होती, आणि वाटेत आवाज पुढे ढकलायला आणखी दोन पेट्या लागत होत्या. पेट्या होत्या माझ्याकडे. नेमक्या दोन जास्तीच्या होत्या. पण त्या मला विहारासमोरच्या स्टेजच्या दोन बाजूंना लावायच्या होत्या. पाहुणे नागपूरहून येणार होते. त्यांच्यासमोर दोन्हीकडून भरगच्च, छाती हलवणारा आवाज निघाला पाहिजे, त्यांनी विचारलं पाहिजे की हे कुणी लावलं, आणि मग अब्बांनी माझ्याकडे बोट दाखवलं पाहिजे. हातात खडू धरून मी हे सगळं आधीच बघून घेतलं होतं.

अब्बांनाही साखळीच पसंत पडली. जन्मभर त्यांनी खांबाखांबावर भोंगे ओवत नेले होते. त्यांची ओळ आणि माझी साखळी दिसायला सारखीच. फरक होता, आणि तो मला माहीत होता. त्यांच्या वायरीवरचा एक भोंगा काढला तरी बाकीचे वाजत राहायचे.

तेव्हा मधली पेटी कशाने बंद पडू शकते, याचा मी नीट विचार केला. म्हणजे मला तसं वाटलं. बकऱ्या वायर चावतात म्हणून वायर उंचावरून. पावसाची सर आली तर पेटीवर प्लास्टिक. गावची लाइट जाते म्हणून जनरेटर, आणि तो विहाराजवळ धडधडू नये म्हणून गल्लीच्या मध्यावर, घरांच्या मागे. उंदरांसाठीसुद्धा काहीतरी केलं होतं. जोडीला दोन भोंगे टाकू का टेम्पोत, असं अब्बांनी विचारलं तर मी म्हटलं, राहू द्या, या पेट्यांशेजारी ते बरे दिसणार नाहीत. अब्बा हसले आणि भोंगे परत माळ्यावर ठेवून आले.

आदल्या दिवशी दुपारीच सगळं लावून झालं. मी भीमगीतं लावली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा आवाज, कुठे फाटणं नाही, कुठे घोगरेपणा नाही. बायका चूल सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. मधल्या ओट्यावरची म्हातारी पेटीवर हात ठेवून बसली होती, जणू कुणाची नाडी बघते आहे. शेवटच्या घराच्या खिडकीबाहेर मी स्पीकर बांधला तेव्हा बाबांनी आतून डावा हात वर केला. अब्बा पानठेल्यावर उभे राहून ज्याला त्याला सांगत होते की असं सामान अख्ख्या विदर्भात दुसऱ्या कुणाकडे नाही. ते खोटं होतं, पण मी खोडलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी विहाराशेजारच्या शाळेच्या खोलीत मी उठले, तोंड धुतलं आणि लागलीच गाणी सुरू केली. हे नेहमीचंच. कार्यक्रमाच्या सकाळी माइकवाल्याने गाणी लावली नाहीत तर गावाला कार्यक्रम असल्यासारखं वाटत नाही. चांगली मोठ्याने लावली. विहाराच्या अंगणात पांढऱ्या साड्या जमू लागल्या. लोक जरा हळू बोलत होते, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, भन्ते येणार म्हणून असेल.

कुठली पेटी चालू, कुठली बंद, हे दाखवणारा लॅपटॉप मी कापडात गुंडाळून ठेवला होता. धूळ फार होती, आणि माझ्यासमोरच्या दोन स्पीकरमधून तर सोन्यासारखा आवाज येत होता. भन्ते आले, गाणी बंद केली. मेणबत्त्या लागल्या, मूर्तीला फुलं वाहून झाली. आता वंदना सुरू होणार, एकदा बघून घ्यावं म्हणून लॅपटॉप उघडला. अर्ध्या गल्लीपासून पुढच्या सगळ्या पेट्या लाल, म्हणजे बंद, दिसत होत्या.

मिक्सर अब्बांच्या हाती देऊन मी पळत सुटले. पळताना तोंडाने शिव्या चालूच होत्या. कुण्या कार्ट्याने प्लग काढला असणार, आज त्याचे कान उपटते, असं ठरवूनच मी मधल्या ओट्यापाशी पोचले आणि थांबले. म्हातारी ओट्यावर नव्हती. अंगणात होती, चटईवर, पांढऱ्या कपड्याखाली. उशाशी मेणबत्त्या, भोवती बायका. पहाटे झोपेतच गेली, हे मला मागून कळलं. ओट्यावर माझी पेटी आणि ॲम्प्लिफायर जिथल्या तिथे होते. दोन्हींचे प्लग काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली, आणि वरून एक धुतलेलं कापड घातलेलं.

हा आमच्या धंद्यातला जुनाच रिवाज. गल्लीत मयत झाली की त्या दारचा भोंगा बंद होतो. कुणी माइकवाल्याला विचारायला येत नाही, सांगायलाही येत नाही. गल्लीतलाच एखादा उठतो, वायर काढून ठेवतो. माइकवाला ते बघतो आणि मुकाट्याने पुढे जातो. आमच्या मोहल्ल्यात, हिंदूंच्या गल्लीत, माजरीच्या खाण कॉलनीत, सगळीकडे मी लहानपणापासून हेच पाहत आले होते. भोंग्यांच्या काळात त्याने कुणाचं अडत नसे. तो एक भोंगा गप्प, बाकीचे चालू. बकऱ्या, उंदीर, पाऊस यांचा विचार करणारी मी, जे प्रत्येक गावात घडतं तेवढंच विसरले होते. वर सकाळी उठल्या उठल्या गाणी लावून मयतीच्या दारात धिंगाणा घातला होता.

उपाय एका मिनिटाचा होता. पेटीला स्वतःचा आवाज नसतो, आवाज करतो तो स्पीकर. नुसत्या पेटीचा प्लग लावायचा आणि ॲम्प्लिफायर तसाच बंद ठेवायचा. त्या दारात हूं की चूं झालं नसतं, आणि वंदना पुढे शेवटच्या घरी पोचली असती. फक्त हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. ओट्याशी म्हातारीचा मुलगा बसला होता, गुडघ्यांत मान घालून. त्याने वर पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि काय बोलावं ते समजेना. तुमच्या आईच्या मढ्याशेजारी मला माझं मशीन चालू करू द्या, दिवे लुकलुकतील पण आवाज होणार नाही, असं म्हणायचं? आमच्याकडे मयतीच्या घरी कुणी असं बोललं असतं तर अब्बांनी त्याला हात धरून बाहेर काढलं असतं. यांच्यात काय चालतं आणि काय नाही, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असं कबूल करून विचारायलाही जीभ उचलेना. जी बाई भर मंडपात पन्नास माणसांवर ओरडायची, तिला एका माणसाशी हळू आवाजात दोन वाक्यं बोलता आली नाहीत.

मी चपला काढल्या, डोक्यावर ओढणी घेतली आणि बायकांच्या मागे जाऊन बसले. घरामागे जनरेटर धडधडत होता, त्यात विहाराकडचं काहीच ऐकू येत नव्हतं. इतक्या कार्यक्रमांना माइक लावले होते की वंदनेचा क्रम मला तोंडपाठ होता. मी तिथे बसून मनातल्या मनात पुढे जात होते: आता त्रिशरण होत असेल, आता पंचशील. शेवटच्या घरी बाबा खिडकीकडे बघत असतील, हेही दिसत होतं. उठावं, सांगावं, असं दर क्षणाला वाटत होतं आणि मी बसून राहिले होते. मुलाने दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही वेळा मान खाली घातली.

परत आले तेव्हा वंदना संपली होती. नागपूरचे पाहुणे स्टेजच्या पायरीपाशी उभे राहून अब्बांना विचारत होते की हा आवाज कुणी लावला, शहरातही असा ऐकायला मिळत नाही. अब्बांनी माझ्याकडे बोट दाखवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मग अंगणातल्या लोकांनीही वाजवल्या. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहिले. अब्बांना वाटलं, पोरगी लाजली. ते खुशीत होते, त्यांना तेव्हा काही सांगवलं नाही.

दुपारी म्हातारीला नेलं. तेवढा वेळ कार्यक्रम थांबवला, अर्धं गाव तिच्या मागून गेलं. ओट्यावरच्या पेटीला मी तेव्हाही हात लावला नाही. परत आल्यावर तिचा मुलगा आंघोळ करून, ओल्या केसांनी सरळ विहाराच्या अंगणात माझ्याकडे आला. मला वाटलं, सकाळच्या गाण्यांबद्दल बोलेल, आणि बोलावंच त्याने. त्याने हात जोडले.

"आमच्याच्यानं तुमचं काम बिघडलं, बाई," तो म्हणाला. "बाबाच्या घरी काहीच नाई गेलं म्हनते."

मी घाईघाईने म्हटलं की तुम्ही केलं ते बरोबरच केलं, मयतीच्या घरी आवाज कसा चालेल. तो माझ्याकडे बघत राहिला. मी काय बोलते आहे ते त्याला कळलं नसावं.

"आमी गानी बंद केली," तो म्हणाला. "वंदना कोन बंद करते जी? मयतीले त तेच म्हनतेत आमच्याइथी. मायले त पह्यली वंदना ऐकाचीच होती, रोज म्हनून राह्यली होती. मले वाटलं, गानी संपली का तुमीच येऊन लावसान. तुमी आल्या बी. पेटीपाशी उभ्या राह्यल्या. मंग डोक्यावर ओढनी घेऊन बसल्या, त मले इचाराची लाज वाटली. म्हटलं, मशीन बिघडली असंन, काऊन तरास द्याचा."

मयतीला कुणी माइक बोलावत नाही. त्यामुळे मयतीच्या घरी त्यांच्यात काय म्हणतात, हे इतकी वर्षं त्यांचे कार्यक्रम करूनही मला कळलं नव्हतं. म्हणजे पेटी तर सोडाच, स्पीकरसुद्धा लावायला हवा होता. तो माझी वाट बघत होता, मी त्याला भीत होते, आणि दोघांच्या मध्ये तो प्लग पडलेला होता. हात लांब केला असता तर पोचला असता. गोल केला असता तर निदान बाबांकडे तरी मागच्या बाजूने फिरून आवाज गेला असता, हेही होतंच. त्या दोन पेट्या स्टेजच्या दोन्ही बाजूंना हिरवे दिवे लावून ऐटीत बसल्या होत्या. मी मुलाला काही तरी बोलले, काय ते आठवत नाही. तो पुन्हा हात जोडून गेला.

सामान आवरायला घेतलं तेव्हा मी अब्बांना सगळं सांगितलं. ते वायर गुंडाळत होते, ते थांबले. रागावले नाहीत. सकाळपासून ज्यांच्याजवळ माझी बढाई मारली होती ते लोक अंगणात होते, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वायर गुंडाळू लागले. मग म्हणाले, शेवटच्या घरचा स्पीकर मी काढून आणतो, तू बस. मी नको म्हटलं.

शेवटच्या घरी सून दारातच भेटली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली की बाबांना अजून कुणी सांगितलेलं नाही. घरातले एकमेकांवर ढकलत होते, शेजारचे येऊन दारातूनच परत जात होते. म्हातारी गेल्याचं सकाळीच सांगितलं होतं. ते ऐकून बाबा बराच वेळ रडले, मग म्हणाले, दिवस तरी चांगला पाहून गेली. पण वंदना होऊन गेली, हे सांगायला कुणाची जीभ रेटली नव्हती.

बाबांना उशांना टेकून खिडकीकडे तोंड करून बसवलं होतं. आंघोळ घातलेली, केसांना तेल, अंगात पांढरा सदरा. दोन हात जोडता येत नव्हते म्हणून डावा तेवढा छातीशी उभा धरलेला. जेवलेही नव्हते, वंदना झाल्यावर जेवतो म्हणाले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. शब्द जड होते, पण कळत होते.

"सुरू होऊन राह्यलं का?" त्यांनी विचारलं.

मी खाटेजवळ बसले. या वेळी सांगितलं. म्हटलं, "झालं, बाबा. सकाळीच झालं. तुमच्यापर्यंत आलं नाही." आणि मग कुणी विचारलं नसताना सगळं सांगत सुटले, मधली पेटी, काढलेला प्लग, साखळी, गोल, स्टेजवरच्या दोन पेट्या, ओढणी घेऊन बसले ते. त्यांना त्यातलं किती समजलं, कोण जाणे. ते खिडकीबाहेरच्या स्पीकरकडे बघत होते. हात छातीशी तसाच होता. मी मनातून म्हणत होते, आता शिव्या द्या, बाबा.

"माह्यं जाऊ दे," ते म्हणाले. "मी आयकीन उद्या-परवा. तिच्या दारी त गेलं ना?"

मी मान हलवली. त्यांना ते नीट दिसलं नसावं, कारण ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. तेव्हा तोंडाने बोलावं लागलं.

"नाही, बाबा. तिथेच बंद होतं."

छातीशी धरलेला हात बाबांनी खाली घेतला, आणि सुनेला हाक मारून अंगातला सदरा काढायला सांगितला.